नवी होडी आणि पलीकडचं लाल लुगडं

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, नवी होडी घेतलीस का? कुठल्या रंगाची?" मी कुकरच्या शिट्ट्या झाल्या असं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. एका माणसाच्या भाताला कुकर कशाला लागतो? पण होडीचं उत्तर फोनवर, तुमच्या पडद्यावर माझा निम्माच चेहरा दिसत असताना देण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहीत बसले आहे. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. त्यालाही अडला तर मला विचारा. तेवढाच एक फोन जास्त होईल.

आपलं घर तुम्ही पाहिलं आहे, पण तेव्हा तुम्ही लहान होतात. पवनेच्या धरणाचं पाणी डोंगरांमधून बोटांसारखं आत शिरलं आहे. त्यातल्या एका बोटाच्या अलीकडच्या काठावर आपण आहोत आणि बरोबर समोर, पलीकडच्या काठावर, आक्कांचं घर आहे. तुम्ही त्यांना पलीकडची आजी म्हणायचात. मधलं पाणी एवढंच, की ओरडलं तर आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. रस्त्याने जायचं तर मात्र सगळ्या पाण्याला वळसा घालून, खिंडीतून, खड्ड्यांतून जावं लागतं. शनिवार-रविवारी तर तंबूत राहायला येणाऱ्यांच्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात.

तुमचे आजोबा रेल्वेतून निवृत्त झाले, मी लोणावळ्याच्या शाळेतून. इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला. शहरातलं क्वार्टर सोडून इथे आलो, तेव्हा आक्कांची ओळख झाली ती तांदळामुळे. घरचा इंद्रायणी कोण देईल असं विचारत आजोबा होडी घेऊन पलीकडे गेले आणि तांदळाबरोबर आमंत्रण घेऊन आले. "बाईंना घिऊन या," असा निरोप होता. शाळा सुटली तरी मी सगळ्यांची बाईच राहिले.

त्यानंतर दर आठवड्याला आम्ही पलीकडे जायचो. आक्का घरी असल्या की सकाळी आपलं लाल लुगडं कुंपणावर वाळत टाकायच्या. म्हणजे या. आम्ही यायचं ठरवलं की व्हरांड्याच्या कठड्यावर हिरवी चादर टाकायची. म्हणजे येतो. आजोबांना याची फार गंमत वाटायची. "आयुष्यभर लाल दिसलं की गाडी थांबवली," ते म्हणायचे, "आणि आता लाल दिसलं की निघायचं!" आणि वल्ही खांद्यावर घेऊन खाली उतरायचे.

पलीकडे गेल्यावर आम्ही काय करायचो असं तुमच्या बाबाने एकदा विचारलं होतं. सांगण्यासारखं काही नाही. आजोबा आक्कांच्या पुतण्याबरोबर शेतावर जायचे. आक्का मला पडवीत पुढ्यात बसवायच्या, अंबाडा सोडायच्या आणि डोक्याला तेल लावायच्या. मी नको म्हणायचे, त्या ऐकायच्या नाहीत. त्यांना कमी ऐकू येतं हे त्या वेळी त्यांच्या सोयीचं असे. तेल लावून होईपर्यंत आम्ही फारसं बोलायचो नाही. आमची मैत्री बोलण्याची कमी आणि बसण्याची जास्त.

आजोबा गेल्याला आता दोन पावसाळे झाले. ते गेले तेव्हा आक्का पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आल्या होत्या. माझ्याशेजारी दिवसभर बसल्या. जाताना म्हणाल्या, "बाई, त्या गाडीवर म्या परत न्हाई बसायची. हाडं मोजून घ्या म्हनावं." ती आमची शेवटची भेट. पहिल्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे होते. दुसऱ्या उन्हाळ्यात माझी पाठ धरली होती आणि डॉक्टरांनी गाडीतले धक्के बंद सांगितले होते. फोन करून उपयोग नाही, आक्कांना फोनवर काहीच ऐकू येत नाही. त्या "हां, हां" म्हणतात आणि शेवटी विचारतात, "कोन बोलतंय?"

म्हणून आमचं सगळं त्या दोन कापडांवर चाललं आहे. त्या रोज सकाळी लाल लुगडं टाकतात, मी हिरवी चादर टाकते. आता त्याचा अर्थ या आणि येतो असा राहिलेला नाही. मी आहे, एवढाच आहे. दोन वर्षांत माझ्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागलेला नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगते आहे.

आजोबांची लाकडी होडी परसात उपडी पडून आहे. दर उन्हाळ्यात ते तिला डांबर लावायचे. ते बंद झालं आणि या पावसाळ्यात तिची एक फळी हात लावताच भुशासारखी सुटली. भोपळ्याचा वेल तिच्यावर चढला आहे. भोपळे चांगले येतात. तेव्हा दिवाळीनंतर मी ठरवलं की नवी होडी घ्यायची, स्वतः वल्हवायची आणि पलीकडे जायचं. मला दुसरं काही नको होतं. आठवड्यातून एकदा ते पाणी ओलांडता यावं, बस.

बाबाला कळवलं तर तो म्हणाला, "आई, तुला पोहता येतं का अजून?"

मी म्हटलं, "पोहणं विसरत नाही कुणी."

तो म्हणाला, "मी पोहण्याबद्दल विचारत नव्हतो."

मला माहीत होतं तो कशाबद्दल विचारत होता.

घाई मी कधीच करत नाही. होडी घेण्याआधी काय काय विचारायचं ते मनाशी नीट जुळवलं. यातला पहिला धडा आपल्या शेजाऱ्यांनी मला फुकट दिला होता. आपल्या शेजारच्या बंगल्यातली मंडळी मुंबईची, वर्षातून दोन-तीनदा येतात. त्यांनी एका दिवाळीत पायडल मारायची होडी आणली, पांढऱ्या राजहंसाच्या आकाराची. दिवाळीत धरण भरलेलं असतं, पाणी कुंपणाला टेकलेलं असतं, आणि इथे नव्याने आलेल्या माणसाला वाटतं की ते असंच राहणार. होळीनंतर पाणी मागे जाऊ लागलं. मे महिन्यात ते आले तेव्हा हंस भेगाळलेल्या चिखलाच्या मधोमध मान ताठ करून बसला होता आणि त्याच्या सावलीत दोन म्हशी रवंथ करत होत्या. त्यांनी मला विचारलं, "आजी, पाणी कुठे गेलं?" जणू मी ते आत नेऊन ठेवलं होतं. पिंपरी-चिंचवडला गेलं, मी म्हटलं. तिथल्या नळांना जातं ते. इथला काठ वर्षभर चालत असतो. होडी घेणाऱ्याने आधी हे विचारावं, की मार्चमध्ये आणि मेमध्ये पाणी कुठे असेल आणि तिथवर ही होडी ओढत नेणार कोण.

लोणावळ्याला, त्यातल्या त्यात गुळगुळीत रस्त्याने, बँकेच्या कामाला गेले होते, तशीच पुढे कुसगावला गेले. तिथे हमरस्त्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये फायबरच्या होड्या बनतात. तंबूवाल्यांच्या धंद्यामुळे होड्या बनवणाऱ्याचंही बरं चाललं आहे. आत नाकात जाणारा उग्र वास होता आणि साच्यातून काढलेल्या होड्या ओळीने पालथ्या ठेवल्या होत्या. मालक चाळिशीचा, उत्साही माणूस. माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा सांगितला.

"किती टेंट आहेत मॅडम तुमचे?"

"एकही नाही."

"मग रिसॉर्ट?"

"घर आहे."

"अच्छा, अच्छा. आणि होडीत कोण बसणार?"

"मी."

त्याने माझ्या मागे दाराकडे पाहिलं. कुणीतरी अजून यायचं असेल असं त्याला वाटलं असावं. मागे फक्त रिक्षावाला होता, तो तंबाखू मळत होता.

मी विचारायला सुरुवात केली. रिकामी होडी दोन बायकांना उचलता येईल का? चढताना एका बाजूला पाय दिला तर कलते किती? आत पाणी भरलं तरी तरंगत राहते का, आणि राहते तर माणूस धरून राहील असं तिला कुठे काही आहे का? एकाच माणसाने वल्हवली तर तिचं नाक सरळ राहतं की वाऱ्याबरोबर फिरतं? फुटली तर तुमचा माणूस येणार की मी ही टेम्पोत घालून कुसगावला आणायची? जॅकेट माझ्या मापाचं आहे की धडधाकट पुरुषांच्याच मापाची आहेत? पाण्यात उतरवायला कुणाकुणाची परवानगी लागते, आणि ती तुम्ही काढून देता की नुसतं 'कुणी विचारत नाही' म्हणता?

शेवटच्या प्रश्नाला तो हसला, कारण ते त्याच्या ओठांवरच होतं.

"मॅडम, तुम्ही होडी घ्यायला आलात की तिची परीक्षा घ्यायला?"

"परीक्षेत पास झाली तर घेईन."

"आजपर्यंत गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं. माणसं किती बसतात आणि कलर कोणता."

"माझी नातवंडंही कलरच विचारणार आहेत," मी म्हटलं. पाहा, मी तुम्हाला ओळखून आहे.

पण माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "विकत घेण्याआधी चालवून बघा. तुमच्या घराखालच्या कॅम्पवर माझीच होडी आहे, शेम टु शेम. मी सांगून ठेवतो."

दोन दिवसांनी सकाळी मी खाली कॅम्पवर गेले. तंबू रिकामे होते, आदल्या रात्रीच्या शेकोटीची राख भिजलेली होती. होडी सांभाळणारा माणूस गावातलाच, आजोबांना ओळखणारा. मला जॅकेट चढवताना तो म्हणाला, "मावशी, तुमी नुसतं बसा. म्या फिरवून आनतो."

"फिरायचं नाहीये मला. मी वल्हवणार, तू नुसता बस."

"म्या नुसता बसू?" त्याला ते जमण्यासारखं वाटेना. "बरं. बसतो. पर हात भरून आलं तर सांगा."

सकाळी पाणी शांत होतं. लहानपणी पुण्यात नदीवर माझ्या मामाने मला वल्ही धरायला शिकवलं होतं. हात ते विसरले नव्हते. होडी हलकी होती, पाणी मागे सरकू लागलं आणि मान वळवून पाहावं तसं पलीकडचं लाल ठिपक्यासारखं लुगडं हळूहळू लुगड्याएवढं व्हायला लागलं. खरं सांगते, त्या वेळी मला फार आनंद झाला. दोन वर्षांत ते एवढं मोठं दिसलं नव्हतं. कुंपणाजवळ कुणीतरी उभं आहे असंही वाटलं.

मग तुंग किल्ल्याच्या बाजूने वारा आला. एरवी तो दुपारी येतो, त्या दिवशी लवकर आला. मोठा नव्हता, पाण्यावर काटा यावा इतकाच. पण होडीचं नाक फिरलं. मी डावं वल्हं जोरात मारलं, मग उजवं, आणि एकाएकी दंडात काहीच उरलं नाही. दुखलं वगैरे नाही. जणू हात कुणीतरी मागून काढून घेतले. होडी आडवी होऊन वाहू लागली.

"मावशी, द्या हिकडं," तो माणूस हळूच म्हणाला.

मी वल्ही दिली. त्याने होडी वळवली ती अलीकडे. पलीकडे चल म्हणायचा मला धीर झाला नाही. परत येताना माझं तोंड पलीकडच्या काठाकडे होतं, आणि लाल लुगडं पुन्हा लहान होत गेलं.

होडीवाल्या मालकाला फोनवर हे सांगितलं तर तो जराही निराश झाला नाही. "त्यात काय मॅडम! बॅटरीवरची छोटी मोटर बसवून देतो. बटण दाबलं की पोचलात. हातांना कामच नाही." मोटर बंद पडली तर, असं मी विचारलं. "वल्ही आहेतच की!" तो म्हणाला.

तरीही मी घेणार होते. लपवत नाही. पाठीला पट्टा बांधला, सकाळी वारा पडलेला असताना निघायचं ठरवलं, मोटर चार्ज करायला खालपर्यंत वायर कशी न्यायची तेही पाहून ठेवलं. फक्त एक विचारायचं राहिलं होतं. आक्कांच्या काठावर होडी लावायला जागा हवी, आणि ती त्यांच्या शेताच्या बांधाला होती. जुनी होडीही तिथेच लागायची, पण नव्याने दुसऱ्याच्या बांधाला होडी बांधायची तर मालकिणीला विचारायला नको? आणि हे काही लाल-हिरव्या कापडाने विचारता येत नव्हतं.

तेव्हा एका मंगळवारी, रस्ता मोकळा असेल असा, मी रिक्षा ठरवली. पाठीखाली दोन उश्या घेतल्या. रिक्षावाल्याने जपून नेलं, पण खड्डे काही त्याने खणलेले नव्हते. पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आक्का अंगणात भात पाखडत होत्या. मला पाहून सूप खाली ठेवलं, पण उठल्या नाहीत. उठायला आता त्यांना खांब लागतो.

"आलात व्हय," त्या म्हणाल्या, जणू मी गेल्या आठवड्यात येऊन गेले होते. मग माझ्या डोक्याकडे पाहिलं. "आगं बाई, ह्ये काय डोकं म्हनायचं का काय! पाखरानं खोपा सोडून दिल्यावानी झालंय. बसा हितं."

मी त्यांच्या पुढ्यात बसले. त्यांनी आतून तेलाची वाटी मागवली, माझा अंबाडा सोडला. त्यांची बोटं आता वाकडी झाली आहेत, पण डोक्यावर ठेवली की तीच.

मग मान वळवून, मोठ्याने, मी त्यांना होडीचं सांगितलं.

"काय म्हनता? वरडा जरा. शाळंतल्या पोरास्नी वरडत हुता तसं."

"नवी होडी घेतेय, आक्का! तुमच्या बांधाला बांधली तर चालेल ना?"

"होडी?" तेल लावणारा हात थांबला नाही. "चालवनार कोन?"

"मीच. मोटर आहे तिला. बटणावर चालते."

"आन् संगं कोन?"

"कोणी नाही. एकटीच."

हात थांबला. 

"त्या दिशी होडीत तुमीच हुता न्हवं? डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या?"

मी हो म्हटलं.

"मला वाटलंच. नाक फिरलं तुमचं तवा म्या कुंपनाला हुते. काय करनार हुते म्या? वरडले तर तुमास्नी ऐकाय येत न्हाई, तुमी वरडला तर मला ऐकाय येत न्हाई." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारल्यासारखा तेलाचा हात मारला. "सायेब हुते तवा बी म्या हितंच उबी राहायची. तुमी दोगं पल्याड उतरला, वर चढला, मगच लुगडं काढायची. धा वर्सं काढली अशी. म्हातारा-म्हातारी हौसंनं निगायची, आन् घोर मला."

मला ते लुगडं आठवलं. परत आल्यावर आजोबा व्हरांड्यातून पाहायचे आणि म्हणायचे, "बघ, आपण पोचलो की आक्का कापड आत नेतात. दव पडायच्या आत." आम्हाला दोघांनाही ते दवासाठी वाटायचं.

"आता तुमी एकल्या येनार," आक्का म्हणाल्या, "आन् मधी वारं सुटलं, तर म्या हितं काठावर बसून बगत ऱ्हाऊ व्हय? माजा नवरा ग्येला, दीर ग्येला, समदं गाव पान्याखाली ग्येलं ते बी म्या हितनंच बगितलं. आता तुमी तेवढ्या ऱ्हायलाय. ते न्हाई बगनार म्या."

धरण भरलं तेव्हा आक्का नव्या लग्नाच्या होत्या. त्यांचं सासरचं घर याच पाण्याखाली आहे, दोन काठांच्या जवळजवळ मधोमध. एवढ्या वर्षांत त्यांनी हे माझ्याजवळ इतक्या शब्दांत कधी काढलं नव्हतं.

मी म्हटलं, "मग मी येऊ कशी, आक्का?"

"तुमी नगा येऊ. पानी जाईल की." त्यांनी तेल पुन्हा चोळायला घेतलं. "जूनच्या आदी पान्याखालचा मदला रस्ता उगडा पडतो. आमच्या जुन्या घराचं जोतं वर येतं. तुमी तिकनं उतरा, म्या हिकनं उतरते. जोत्यावर बसू."

"आणि पाणी पुरतं गेलं नाही तर? काही वर्षी मध्ये ओढा राहतो."

"तर मग ऱ्हायलं. फुडल्या साली." मग त्या हसल्या. त्यांना समोरचे दोनच दात आहेत. "तवर ऱ्हायली म्हंजे. तुमी न्हाई वो, म्या. तुमची हाडं इंग्रजी हायती, टिकत्याल."

घट्ट वेणी घालून त्यांनी मला परत पाठवलं. रिक्षात बसवताना रिक्षावाल्याला दम भरला, "हळू ने रं. माजी बाई हाय ती." त्या प्रवासाने मी बरेच दिवस अंथरुणात उताणी पडून होते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा ही चूक केलीत तर मी तपासणार नाही. आक्कांची वेणी मी त्या दिवसांत सोडली नाही.

उठायला लागल्यावर मी कुसगावला फोन करून होडी नको म्हणून सांगितलं.

"परीक्षेत नापास झाली का मॅडम?" मालकाने विचारलं.

"होडी पास झाली," मी म्हटलं. "माझ्या विचारायच्या यादीत एक प्रश्न कमी होता."

"कोणता? सांगा तरी. पुढच्या गिऱ्हाइकाला मीच विचारतो."

मी सांगितलं, की आपण पाण्यावर असताना काठावर कोण उभं असतं, आणि त्या माणसाला विचारलं आहे का. तो म्हणाला, "हा प्रश्न विचारला तर माझी एकही होडी खपणार नाही." तेही बरोबर आहे. त्याला मुलंबाळं आहेत.

तुम्ही मोठे झालात आणि तिकडच्या तुमच्या तळ्यावर स्वतःची होडी घ्यायची म्हणालात, तर मी वर लिहिलेलं सगळं विचारा. कलते किती, फुटली तर कोण जोडणार, उन्हाळ्यात पाणी कुठे जातं. आणि शेवटचा प्रश्न दुकानात विचारू नका, घरी विचारा. मला हवी ती गोष्ट मिळाली नाही म्हणून मी हे सांगत नाही. मला ती अजूनही हवी आहे. रोज सकाळी चादर टाकताना पाणी इतकं सपाट असतं, की वाटतं, आत्ता होडी असती तर कुणाला कळायच्या आत पोचले असते. पण कळलं असतं. तिथे एक बाई कुंपण धरून उभी असते आणि तिचं पुरेसं बघून झालेलं आहे.

आता पौष आहे. पाणी अजून आपल्या पायऱ्यांना लागून आहे. आजोबांनी बांधलेल्या त्या दगडी पायऱ्यांवर मी सकाळी खुर्ची घेऊन बसते आणि पाणी किती खाली गेलं ते पाहते. लोकांना वाटतं म्हातारी देखावा बघते. खरं तर मी मनातल्या मनात पिंपरी-चिंचवडच्या लोकांना म्हणत असते, भरपूर पाणी प्या, झाडांना घाला, गाड्या धुवा. शाळेत मी मुलांना नळ घट्ट बंद करायला शिकवलं, आणि आता माझं हे असं झालं आहे. काल सर्वांत खालच्या दिसणाऱ्या पायरीच्या खाली एक ओली, शेवाळाची कड वर आली. चार बोटंही नसेल. मी तिच्यावर चप्पल ठेवून पाहिली.

दुपारी घरात फार शांत असतं. तुमच्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून फोन करत नाही. जोत्यावर बसायला न्यायचा लाकडी पाट मी पुसून दाराशी ठेवला आहे. पाट मी नेणार, तेल आक्का आणणार.

एक गोष्ट तुमच्या बाबाला सांगा. तो नेहमी म्हणतो, दिवाळीत यायला हवं, तेव्हा धरण भरलेलं असतं, फोटो छान येतात. दिवाळीत नका येऊ. मेमध्ये या. तेव्हा इथे बघण्यासारखं काही नसतं. पाणी दूर गेलेलं, चिखल भेगाळलेला, डोंगर पिवळे आणि ऊन असं की चप्पल चिकटते. पण मधला रस्ता वर आलेला असतो. त्या उतारावर मला दोन्ही बाजूंनी धरायला माणसं लागतील. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, म्हणजे तुम्ही दोघं बरोबर पुरता. आक्कांनी तुम्हाला शेवटचं पाहिलं तेव्हा तुम्हाला धड केस नव्हते म्हणायला हरकत नाही. आता तुमच्याही डोक्याला तेल लावतील. तुम्ही नको म्हणालात तर त्यांना ऐकू येणार नाही.

मे महिन्यात तुमच्या शाळेला सुट्टी असते का? मला नक्की माहीत नाही. तेवढं कळवा.

तुमची,
आजी